पौषातला उकाडा

दोन हजार तीन सालच्या जानेवारीत नाशिकला अशी थंडी पडली होती की सकाळी निमाणी स्टँडवर ओळखीची माणसंसुद्धा ओळखू येत नव्हती. नुसत्या कानटोप्या, शाली आणि वाफाळणारे चहाचे ग्लास. अशाच एका सकाळी पिंपळगावच्या एसटीत बसलेल्या सुवर्णा निकमांनी स्वेटर काढून मांडीवर ठेवला आणि खिडकीची काच पार मागे सारली.

मागच्या सीटवरून आवाज आला, "बाई... तेवढी खिडकी लावता का?"

"नाही," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"भलती थंडी शे," तो माणूस आपल्या कळवणच्या बोलीत स्वतःशीच पुटपुटला.

सुवर्णाबाईंनी वळून पाहिलं. पिकलेल्या मिशा, मरून मफलर, आणि थंडीनं लालबुंद झालेलं नाक. एरवी त्यांना हसूच आलं असतं. पण छातीतून निघालेली आग त्या वेळी कानशिलांपर्यंत चढत होती. त्यांच्या कपाळावरचा घाम त्या माणसानं पाहिला. मग त्यानं मफलरचा आणखी एक वेढा गळ्याभोवती घेतला.

ओझरला दोघंही उतरले. "मी इथं पोस्टमास्तर आहे. सावळीराम पगार," तो म्हणाला. "उद्या रजेवर असलो तर समजायचं, तुमच्या खिडकीनं मला पाडलं."

"मग अर्ज मुलींच्या शाळेत पाठवा. प्रभारी मुख्याध्यापिका मीच आहे, मंजूर करून टाकीन."

चालता चालता बाईंच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत... कितीतरी दिवसांनी.

सुवर्णाबाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. वडील अकाली गेले, धाकट्या भावाचं, मनोजचं, शिक्षण झालं, त्याचा संसार उभा राहिला, आणि त्यात यांचं लग्न राहून गेलं ते राहिलंच. पंचवटीतल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. वर्षभरापासून पाळी थांबली होती. शेजारच्या लताबाई म्हणाल्या होत्या, "सुटलीस गं बाई." सुटका कसली! दिवसातून दहा वेळा अंगाची लाही होई, रात्री उशी भिजे, आणि झोपेविना सकाळी जीभ तलवारीसारखी चाले. एका सभेत तर भर उन्हाळ्यात असावं तशा घामानं निथळत त्या एका तरुण शिक्षिकेवर ओरडल्या आणि पुढचं बोलणंच विसरल्या. त्यांनी आता पद सोडावं, अशी कुजबुज शिक्षकांत सुरू झाली. पद सोडण्याचं पत्र त्यांनी लिहूनही ठेवलं होतं. ते पर्समध्ये होतं.

गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्यांविषयी सगळं मोकळेपणानं सांगितलं होतं. पण सुवर्णाबाईंची थोरली बहीण स्तनाच्या कर्करोगानं गेली होती. धोका थोडाच असेल, तरी तो त्यांना घ्यायचा नव्हता. "गोळीशिवाय कसं निभवायचं ते सांगा," त्या म्हणाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, रोज झपाझप चाला. चहा आणि झणझणीत कमी करा. एकावर एक सुती कपडे घाला, म्हणजे वरचा काढता येतो. हाडांसाठी दूध, नाचणी, तीळ खा. उकाडा चढू लागला की सावकाश, मोजून श्वास घ्या. कशानं त्रास वाढतो ते वहीत टिपा. सगळं नाहीसं होईलच असं नाही, पण ताब्यात ठेवता येईल. आणि सोसेनासं झालं तर परत या, दुसरेही उपाय आहेत.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीत चढल्या तर पोस्टमास्तरांनी खिडकीची जागा रुमाल टाकून धरून ठेवलेली. स्वतः शेजारी बसले होते — मफलर, त्यावर कानटोपी, त्यावर शाल.

"तुम्हाला दमा आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. पण बाईंना एकदम लपवण्याचाच कंटाळा आला. "दमा नाही. पाळी गेली माझी. त्यामुळे अंगातून वाफा निघतात. आणि औषध न घेता हे काढायचं, असं मी ठरवलंय."

मास्तरांनी कानटोपी मागे सारली. त्यांची बायको आठ वर्षांपूर्वी वारली होती, तिच्यावर ही वेळच आली नव्हती. मग म्हणाले, "मग वारा घ्या की. माझ्याकडे आणखी एक मफलर आहे."

त्या दिवसापासून ती दोघांची सीट झाली. मास्तर पहाटेच्या चालण्यालाही येऊ लागले. गोदावरीच्या काठानं बाई पुढे आणि ते पाच पावलं मागे, धापा टाकत. बाईंना उकाडा चढला की त्या थांबून डोळे मिटत, संथ श्वास घेत. तेवढा वेळ ते नदीकडे बघत उभे राहत. बरं वाटतंय का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. बाईंना तेच फार आवडलं. स्टँडवरचा चहा बाईंनी सोडला, तसा त्यांनीही सोडला.

"तुम्ही कशाला सोडलात? तुम्हाला कुठं उकडतंय?"

"एकट्यानं प्यायची सवय मोडतोय," ते म्हणाले... आणि पुढे चालू लागले. बाईंचे कान तापले. पण ही धग निराळी होती.

फेब्रुवारीत पालकसभा झाली. सभागृह गच्च भरलेलं. भाषणाच्या मध्यावरच छातीतली आग पेटली. कुजबुज करणारे शिक्षक पहिल्याच रांगेत होते. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला, पदरानं कपाळ टिपलं आणि माईकवर सांगितलं, "एक मिनिट थांबू या. माझ्या वयात बायकांना असं होतं. घरोघरी होतं, पण कुणी बोलत नाही." संथ श्वास घेऊन त्यांनी पुढचं भाषण पुरं केलं. सभेनंतर धोंडाबाई नावाची एक आजी त्यांना कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाई, माझ्या सुनंला बी लय तरास हाय. तुमी काय करता, ते सांगा ना." त्या संध्याकाळी बाईंनी पर्समधलं ते पत्र फाडून टाकलं.

ही हकिकत ऐकून मास्तर खूप हसले, आणि हसता हसता गंभीर झाले. घाटावरच त्यांनी विचारलं, आपण लग्न करू या का. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "माझ्यात आता काय राहिलंय देण्यासारखं? नको." मास्तरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ते आधीची गाडी पकडू लागले.

बारा दिवस गेले. चहा नाही, तिखट नाही, चालणं नेमानं. तरी बाईंची झोप उडाली. वहीत कारण लिहायची वेळ आली तेव्हा पेन थबकलं. भरल्या सभेपुढे मी लाजले नाही, मग एका माणसापुढेच का लाजले? — त्यांनी वही मिटली.

मधल्या सुट्टीत त्या पोस्टात गेल्या. रांगेत तिघं होते. बाई सरळ मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी मी बोलले ते माझं नव्हतं. लोकांचं ऐकून ऐकून तोंडात बसलेलं होतं. मला तुमच्याबरोबर राहायचंय."

शिक्का मास्तरांच्या हातातच राहिला. "म्हणजे... लग्नाचं म्हणताय?"

"मग काय रजिस्टर पत्राचं म्हणतेय?"

"मला वाटलं, मीच नको आहे तुम्हाला."

"मग पुन्हा विचारायचं नाही?"

"धीर झाला नाही." त्यांनी शिक्का खाली ठेवला. "तुमच्याएवढा धीर मी कुठून आणू?"

रांगेतला लहानू नावाचा म्हातारा खाकरून म्हणाला, "मास्तर, आधी हो म्हना. माझं पाकीट मंग बघा."

मास्तर हो म्हणाले.

एप्रिलमध्ये त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मनोज आधी रुसला, मग सहकुटुंब आला. बाई निवृत्त होईपर्यंत मुख्याध्यापिका राहिल्या. दर महिन्याला शाळेत विद्यार्थिनींच्या आयांची एक बैठक त्या भरवत आणि तिथं पाळी जाण्याच्या त्रासावर मोकळेपणानं बोलणं होई. उकाडा पुढेही बरीच वर्षं येत राहिला, मग विरळ झाला. तो नेमका कधी थांबला, ते मात्र दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. वहीत टिपायचंसुद्धा राहून गेलं होतं.