चिकटवलेली वेळ

"माझी सून तोंडाने फटकळ आहे, पण माणूस मारणारी नाही," म्हातारी दारातूनच म्हणाली. "आठवडा झाला, कोठडीत सडतेय. घरी नातू आईच्या नावाने हंबरडा फोडतो. तिला सोडवा, बाबा."

खासगी तपासनीसाने तिला खुर्ची दिली. त्याचा मेव्हणा पाणी आणायला गेला आणि अर्धं सांडून परतला. हा त्याचा सहायक. बायकोच्या शब्दाखातर ठेवलेला, दुसरं काय!

सून एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर होती. कंपनीचे मालक आपल्या खोलीत मेलेले सापडले होते, डोक्यात पितळी वजन घातलेलं. त्याच सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. वर दाराच्या यंत्रात तिच्या कार्डाची नोंद.

इन्स्पेक्टरने छापील नोंदी पुढे केल्या. "चार दहाला सफाईवालीने दार उघडलं, प्रेत पाहिलं, किंचाळली. आणि या बाईंचं कार्ड चार तेराला."

"म्हणजे प्रेत सापडल्यावर ही खून करायला आली?"

"यंत्राचं घड्याळ पुढे असेल हो! डॉक्टर म्हणतात, मृत्यू चारच्या आधीचा."

"मग सफाईवालीची वेळ बरोबर कशी? ती त्याच यंत्रातली आहे. आणि चार तेराला दार सताड उघडं, दारात ही गर्दी. कार्ड कोण लावणार?"

इन्स्पेक्टरने नोंदी फाइलमध्ये सरकवल्या. त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं.

कोठडीत सुनेचे डोळे सुजलेले होते. "त्या दुपारी मी साहेबांच्या खोलीकडे फिरकलेसुद्धा नाही."

"नोंदी कोणाला बदलता येतात?"

"तिघांना. मी, भागीदारसाहेब आणि आमचे मास्तर. मास्तरांनीच मला प्रोग्रामिंग शिकवलं."

"यंत्र वेळ कशी साठवतं?"

"जागतिक वेळेत. छापताना इथल्या वेळेत आणतं. हाताने नोंद घालायची तर इथली वेळ आधी जागतिक करावी लागते. आमच्या जुन्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, वेळेला गावाचं नाव नुसतं चिकटवलं, तर ती त्या गावाच्या वेळांच्या तक्त्यातली पहिली ओळ उचलते. म्हणजे रेल्वे येण्याआधीची, सूर्यावरची वेळ. आपल्या गावाची तेवीस मिनिटं मागे, म्हणून छापताना नोंद तेवढीच पुढची दिसते. मध्यंतरी असाच एक घोळ मी गुपचूप निस्तरला."

"कोणाचा?"

तिने मान खाली घातली. "जुना होता. जाऊ द्या."

बाहेर येताच मेव्हणा म्हणाला, "दाजी, माझ्या डोक्यावरून गेलं सगळं."

"डोकं आहे हे ऐकून बरं वाटलं. चल."

भागीदार केबिनमध्ये घाम पुसत बसला होता. "कोड? कित्येक वर्षांत एक ओळ लिहिली नाही! मुलगी परदेशात आहे, तिला फोन करायचा तर बोटांवर तास मोजतो. तरी चुकून झोपेतून उठवतो बिचारीला."

मास्तर शांत होते. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा. "स्थानिक वेळ जागतिक करायची? सोपं आहे. वेळ घ्यायची, गावाचं नाव चिकटवायचं, पुढचं लायब्ररी बघते. जन्मभर असंच करत आलो."

"मालकांशी कसं होतं?"

"तीस वर्षांची मैत्री," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

संध्याकाळी तपासनीसाने सगळ्यांना मालकांच्या खोलीत जमवलं. इन्स्पेक्टर सुनेला घेऊन आला. सासू तिचा हात धरून उभी राहिली.

"ती एकच नोंद चुकीची, बाकी सगळ्या बरोबर," तपासनीस म्हणाला. "म्हणजे ती यंत्राने केलेली नाही, कोणीतरी घुसडली आहे. चार तेरातून तेवीस मिनिटं काढा. तीन पन्नास, अगदी खुनाची वेळ! नाव चिकटवणाऱ्याची चूक ही अशी तेवीस मिनिटांचीच होते. भागीदार बोटांवर मोजतात. ते चुकले असते तर तासाने चुकले असते. सुनेला हा खड्डा ठाऊक होता, तिने तो स्वतः बुजवलाय. शिवाय स्वतःच्या गळ्यात फास कोण अडकवेल? राहिलं कोण?"

मेव्हणा चाचरला. "पण दाजी, मास्तरांच्या कार्डाची नोंदच नाही!"

"जुन्या मित्राला दार आतून उघडतात, अरे. खून झाला, मास्तर जागेवर गेले, खोटी नोंद घातली. तपासून पाहणार तोच किंकाळी ऐकू आली. मास्तर, तुमच्या कॉम्प्युटरवर पुसलेलं इन्स्पेक्टरसाहेबांची माणसं आज ना उद्या काढतीलच."

मास्तर खाली बसले. "त्याने मला घरी बसायला सांगितलं. म्हणाला, तुझं काम जुनाट झालं, आता ही पोरगी बघेल. वजन हातात कधी आलं, कळलंच नाही. सकाळचं भांडण सगळ्यांनी ऐकलेलं, म्हणून हिचं नाव घातलं."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, ते भांडण तुमच्यावरूनच झालं. तुम्हाला काढू नका म्हणून मी ओरडत होते."

मास्तरांनी मान वर केली. ते म्हणाले, "माझा तो घोळ... मला का नाही दाखवलास?"

"ऑफिसातल्या पोरांसमोर तुमची शोभा झाली असती," ती म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. "दाखवला असता तर आज तुम्ही सुटला असतात, सर. आणि मी फासावर गेले असते."

सासूने तिला जवळ ओढलं. "चल, पोरी. घरी चल."