मेणाच्या दोन गोळ्या

कानातली ती मोबाइलची बोंडं काढा आधी. दोन्ही काढा. एक काढायचं आणि एक ठेवायचं, ही तुम्हा पोरांची लबाडी मला ठाऊक आहे. लाइट यायला तासभर तरी लागेल, जनरेटरमध्ये डिझेल नाही, आणि साहेब घरी घोरत असणार. तोवर एक सांगतो. मागून खोटं म्हणा हवं तर, मध्ये बोलू नका.

आपल्याच कारखान्यातला माणूस. गोष्ट तुम्ही इथे लागायच्या आधीची, पण फार जुनी नव्हे. एका रविवारी सकाळी तो हातात पिशवी घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावरच्या नर्सबाईंकडे गेला. पिशवीत त्यांच्या मुलीचा फ्रॉक होता. बायको शिवणकाम करायची, ती जाऊन महिना झाला होता, आणि हा फ्रॉक मशीनवर तसाच राहिला होता. बटणं तेवढी लावायची होती. म्हटलं, ज्याचं त्याला देऊन टाकावं.

नर्सबाईंनी फ्रॉक घेतला, पाणी दिलं. मग जरा चाचरत म्हणाल्या की रात्री तुमचा टेप फार उशिरापर्यंत चालतो, पण असू दे, बंद करू नका. हा म्हणाला, माझ्याकडे टेपही नाही आणि रेडिओही नाही. आवाजाचा मला तिटकारा आहे.

"मग वहिनींचं गाणं कुठून येतं?"

"ती कुठे गायची?"

नर्सबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, रोज गायच्या. तुम्ही त्याच खोलीत असायचात."

आता हे कसं झालं ते ऐका. आपण इथे भोंगे बनवतो, आणि बनलेला प्रत्येक भोंगा वाजवून बघावा लागतो. मागच्या बंद खोलीत ते काम हा करायचा. सगळे त्याला टेस्टरच म्हणायचे. कंपनीने कानांवर लावायला मोठ्या वाट्या दिल्या होत्या, पण त्याला त्या टोचायच्या. तो मेणात कापूस मळून गोळ्या करायचा आणि कानात बसवायचा. मेण माझ्या स्टोअरमधून जायचं.

दिवसभर भोंगे ऐकणाऱ्याला घरी शांतता हवी, यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण लग्न झालं त्याच आठवड्यात त्याने बायकोला सांगून टाकलं, मला घरात आवाज नको. ती बरं म्हणाली. तेवढ्यावरही याचं भागलं नाही. गोळ्या तो घरीही काढेना. जेवताना कानात मेण, झोपताना कानात मेण. ती खिडकीशी पायमशीनवर बसायची आणि हा पलंगावर पडून बघायचा. तिचे ओठ हलताना दिसायचे. याला वाटायचं, कुरकुर करतेय. आंघोळीला जाताना गोळ्या निघायच्या, तेव्हा ती गप्प असायची. म्हणजे एका खोलीत एवढा संसार झाला आणि बायको गाते हे नवऱ्याला सोडून साऱ्या गल्लीला माहीत. मला हे आठवलं की अजून राग येतो.

परवा तुमच्यातलाच एक जण विचारत होता, समुद्रातल्या बायका गाऊन खलाशांना बुडवतात ती गोष्ट खरी का. अरे बाबा, ती गोष्ट बुडालेल्यांनी थोडीच सांगितलीय. कानात मेण घालून जे सुखरूप घरी आले, त्यांनी सांगितली. त्यांना काय कळलं होतं गाण्यातलं? आणि त्या बायकांना गावंसं का वाटत होतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

असो. नर्सबाईंकडून सगळं ऐकून टेस्टर घरी आला तो संतापून. आपल्या बायकोचा आवाज, आणि रात्री त्यासाठी वॉचमन सायकल लावून उभा राहतो, इस्त्रीवाला पायरीवर बसतो, समोरच्या घरातली सून खिडकीत येऊन रडून घेते. त्याने जाऊन एकेकाला झापलं. ते बिचारे खाली मान घालून ऐकून घ्यायचे आणि रात्री पुन्हा यायचे. मग एका रात्री याने गोळ्या काढल्या आणि मशीनसमोर खुर्ची टाकून बसला. पहाटेपर्यंत काही नाही. नळाचं पाणी गळत होतं तेवढंच. बाहेरची माणसं वाट बघून निघून गेली. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री कंटाळून त्याने मेण घातलं आणि झोपला. सकाळी वॉचमन म्हणाला, काल फार छान झालं.

तेव्हा त्याला उमगलं. ती गात होती. फक्त याला ऐकू येत नसलं की गात होती, जिवंतपणी गायची तशीच.

मग तो तिला फसवायला लागला. मेणाऐवजी नुसता कापूस घालून बघितला. एकाच कानात गोळी घातली. झोपेचं सोंग केलं. काही उपयोग झाला नाही, ती बरोबर ओळखायची. इस्त्रीवाल्याच्या मुलाने मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं, त्यात नुसती मशीनची खडखड निघाली. टेस्टरने ती खडखड किती वेळा ऐकली, देव जाणे. डबा खायचं सुटलं. इथे मेण घ्यायला आला की माझ्यासमोर उभा राहायचा आणि विचारायचा, "कशी गात असेल हो?" मी काय सांगणार? ज्याने घरातलं धन डोळे मिटून उधळलं, त्याला बाहेरच्याने काय सांगावं? तसं मी त्याला तोंडावर म्हटलंही. तो म्हणाला, एकदा. एकदाच ऐकायचंय. मग काय व्हायचं ते होऊ दे.

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. पावणेबाराला आजच्यासारखीच लाइट गेली. इथून पुढचं मला त्यानेच सांगितलंय.

त्याने मेण घातलं, अगदी घट्ट, आणि मशीनला लागून बसला. तिच्या लाकडी पाटावर तळहात ठेवला. थोड्या वेळाने पाट हलला. मशीनचं चाक फिरायला लागलं. खाली पायपट्टी वरखाली होत होती. सुई पण. सुईत दोरा नव्हता.

आणि पाटातून काहीतरी हातात यायला लागलं... मशीनची थरथर वेगळी. ही वेगळी. ही लांबत होती, वळत होती, मध्येच श्वास घ्यायला थांबत होती. ते गाणं होतं. त्याच्या हाताला कळत होतं आणि कानाला नाही. तो पाटावर डोकं टेकून रडला.

मग त्याला राहवलं नाही. त्याने दोन्ही गोळ्या उपटून काढल्या.

चाक थांबलं.

खोलीत काही नाही. गल्लीतही नाही. बाहेर माणसं उभी होती, पण एकही खोकला नाही...

त्याला वाटलं होतं, ती गेली असेल. तसं नव्हतं. ती तिथेच होती. गप्प बसून होती. हा जायची वाट बघत होती.

"एकदा म्हण," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

...

"मी चुकलो ग."

...

मग तो म्हणाला, "बरं. गा तू. मी ऐकत नाही." ही शेवटची लबाडी. त्याने गोळ्या पुन्हा घातल्या, पण सैल. नुसत्या टेकवल्या. थोडी फट ठेवली. आणि मान खाली घालून, श्वास रोखून बसला.

चाक फिरलं नाही.

त्याच्या उजव्या कानाला काहीतरी गार लागलं.

एक बोट.

त्या बोटाने गोळी आत सारली. हळूहळू. घाई नाही. शिवण बसवताना दाबतात तशी. आणखी आत... मग डाव्या कानाला.

बाहेरचे सांगतात की त्यानंतर जे गाणं सुरू झालं तसं कधीच झालं नव्हतं. समोरची सून त्याच रात्री बॅग भरून माहेरी निघून गेली आणि परत आली नाही. नवरा फार बोलायचा तिला.

सकाळी नर्सबाईंनीच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्याने गोळ्या काढल्या. कानाला काही इजा नव्हती, सगळं ठीक दिसत होतं, पण ऐकू म्हणून काही येईना. अजून येत नाही. त्याच मागच्या खोलीत तो भोंगे वाजवतो. आता दिव्याकडे आणि मीटरच्या काट्याकडे बघून पास करतो. मेण लागत नाही त्याला. हो, तोच. ज्याला तुम्ही मागून वेडावता तो.

गोळ्यांवर काहीतरी उमटलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कशाने दाबल्या? बारीक बारीक खड्डे, ओळीने. शिंपी सुई ढकलायला बोटात धातूचं टोपण घालतात ना, अंगुस्तान, त्याचे. तिचं अंगुस्तान घरात नव्हतं. शेवटच्या आजारात तिची बोटं सुजली होती, साबण लावला, तेल लावलं, ते निघालंच नाही. तसंच तिच्याबरोबर गेलं होतं. नर्सबाईंनी स्वतः पाहिलं होतं.

एक गोळी त्याच्याकडे आहे. दुसरी त्याने मला दिली, कारण मेण माझ्या स्टोअरचं. ही बघ, या डबीत. टॉर्च धर. दिसतात का खड्डे?

हात लावायचा तर लाव. कानाशी नेऊ नकोस.