कोणावरून कोणावर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे घडलंय.

त्या संध्याकाळी सभागृहात तिसऱ्या रांगेत मी स्वतः बसलो होतो. त्या दुपारी घरात काय झालं, ते मला धाकटीने सांगितलं. टाइप करून. तोंडाने का नाही, ते कळेलच.

थोरली आणि धाकटी, दोघी माझ्या आतेबहिणी. थोरलीचा आवाज म्हणजे काय सांगू! मुलांची पुस्तकं ती वाचायची आणि लोक ती रेकॉर्डिंगं घरोघरी ऐकायचे. तिचा वाघ बोलायला लागला की मोठी माणसंसुद्धा पाय वर घेऊन बसायची.

धाकटीचं डोकं यंत्रांत. रेकॉर्डिंग, आवाजाची साफसफाई, सगळं तिच्याकडे. मागच्या खोलीत तिने स्वतःचा सर्व्हर उभा केला होता. आपल्या वस्तू परक्याच्या भरवशावर ठेवायच्या नाहीत, हा तिचा खाक्या.

त्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क. एकीवर जे उतरेल तेच दुसरीवर, आरशासारखं. एक बिघडली तर नवी बसवायची, आणि चांगलीवरचं सगळं नवीवर आपोआप उतरतं. फक्त दिशा नीट सांगायची. कोणावरून कोणावर. तिथे चुकलं तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सगळं साफ होतं.

दाराशी फायरवॉल. म्हणजे पहारेकरीच म्हणा ना. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला तो हाकलून द्यायचा. थोरलीला आपल्या घरून आत येता यावं म्हणून बहिणींनी एक खूण ठरवली होती. बंद दारांवर ठरलेल्या क्रमाने टकटक झाली की पहारेकरी एक दार उघडायचा.

मग थोरलीच्या गळ्यात गाठ निघाली.

ऑपरेशनमध्ये आवाज जाणार, हे तिला आधीच सांगितलं होतं. म्हणून तिने घाईघाईने एक जाडजूड पुस्तक वाचून त्या सर्व्हरवर रेकॉर्ड केलं. घसा दुखत असताना. आपल्या छकुलीसाठी, म्हणजे लेकीसाठी. "मी बोलेनाशी झाले तरी हिच्यापाशी मी असेन," म्हणायची.

ती हॉस्पिटलात असताना एक डिस्क बिघडली. धाकटीने नवी बसवली.

आणि सगळं गेलं. त्या पुस्तकातला थोरलीचा शब्द न् शब्द.

थोरली घरी आली तेव्हा तिने मोबाईलवर टाइप करून एवढंच विचारलं, "आरसा होता ना? दोन्ही एकदम कशा गेल्या?"

"नशीब फुटकं, ताई. दुसरं काय!" धाकटी म्हणाली.

थोरली तिच्याकडे नुसती बघत राहिली. ओरडायला गळा नव्हता. त्यातून ती सावरलीच नाही, काही महिन्यांत गेली.

तेच पुस्तक मग धाकटीच्या आवाजात करायचं ठरलं. आयुष्यभर पडद्यामागे राहिलेली धाकटी पहिल्यांदाच पुढे येणार होती.

प्रकाशनाच्या दिवशी भर दुपारी ती सर्व्हरपाशी बसली होती. संध्याकाळी मंचावरून एक प्रकरण वाचायचं होतं. त्याआधी आपलं रेकॉर्डिंग एकदा ऐकून घ्यावं, म्हणून.

पडद्यावर फायरवॉलच्या ओळी सरकत होत्या. कोणीतरी बाहेरून येत होतं. हाकललं जात होतं.

पुन्हा येत होतं...

एक टकटक. थांबून दोन. मग पुन्हा एक.

धाकटी पडद्याजवळ वाकली. ही त्यांची खूण होती. थोरली गेल्यावर तिने ती काढून टाकली होती. आणि ज्या पत्त्यावरून हे येत होतं, तो थोरलीच्या घरचा होता.

तिने थोरलीच्या नवऱ्याला फोन लावला. "भाऊजी, घरी कोणी कॉम्प्युटर चालू केलाय का?"

"अगं, तो केव्हाच देऊन टाकला. नेटसुद्धा काढलंय. का गं?"

"काही नाही. सहजच."

फोन ठेवला तोवर पडद्यावर नवी ओळ आली होती.

प्रवेश दिला.

मग सर्व्हरच्या पेटीतून घरघर सुरू झाली... एका डिस्कवरचं दुसरीवर उतरू लागलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. तिने दिशा पाहिली. उलटी.

तिने स्वतःचं वाचन उघडलं. पहिल्या पानाला आवाज नाही. दुसऱ्या पानाला नाही. शांतता पुढे पुढे सरकत होती, तिच्या डोळ्यांदेखत एकेक वाक्य खात.

तिने नेटची वायर उपटली. घरघर चालूच.

मग विजेचा प्लगच ओढला. पडदा काळा झाला. दिवे विझले.

आणि त्या मेलेल्या पेटीतून डिस्क फिरल्याचा आवाज येतच राहिला...

"ताई, थांब गं!" ती किंचाळली.

ते शब्द तिला लांबून ऐकू आले. पेटीच्या आतून आल्यासारखे. गळ्यात काहीतरी गार उतरत गेलं. मग घरघर थांबली.

दुसरी कोणी असती तर घरीच बसली असती. पण एवढं करून मिळवलेलं सोडायचं कसं? धाकटी तोंड धुऊन, चांगली साडी नेसून सभागृहात आली.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढच्या रांगेत भाऊजी आणि छकुली बसली होती. धाकटी माइकसमोर उभी राहिली. पुस्तक उघडलं, तोंड उघडलं.

आवाज थोरलीचा होता.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. छकुली खुर्चीवर उभी राहिली. "आई!"

"खाली बस बाळा, पडशील," धाकटीच्या तोंडातून थोरली म्हणाली.

मग ती सभागृहाकडे वळली.

"पुस्तक नंतर. आधी दुसरं ऐका. मी जिवंत असतानाच हिने माझा आवाज पुसला. कोरी डिस्क माझ्यावर उतरवली. चुकून नव्हे. दिशा दोनदा वाचली, मग बटण दाबलं."

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आवाज बोटांतून स्वच्छ येत राहिला. ध्वनियंत्रणावाल्याने माइक बंद केला. आवाज तसूभरही कमी झाला नाही.

भाऊजी उठले. "हे खरं आहे?"

धाकटी जिवाच्या आकांताने मान हलवत होती. नाही, नाही, नाही.

"हो," तिचं तोंड म्हणालं.

त्यानंतर तिचा स्वतःचा आवाज कोणी ऐकलेला नाही. डॉक्टर म्हणतात, गळा ठणठणीत आहे. तोंड उघडलं की थोरली बोलते, म्हणून ती उघडत नाही. घरची माणसं तिचं तोंड बघायला तयार नाहीत.

एक छकुली सोडून.

दर रविवारी ती हट्ट धरते. भाऊजी तिला दारापर्यंत सोडतात, स्वतः आत पाऊल टाकत नाहीत. छकुली पुस्तक मावशीच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, "वाच ना, आई."

आणि धाकटीला वाचावंच लागतं.

गेल्या रविवारी मी खिडकीतून पाहिलं. धाकटीचे डोळे घळाघळा वाहत होते. ती थांबायचा प्रयत्न करत होती, खुर्चीचे हात गच्च धरून. आणि तिच्या तोंडून वाघ बोलत होता, माकडं खिदळत होती, थोरली जीव ओतून, हसत हसत वाचत होती. छकुली टाळ्या पिटत होती.

पुस्तक संपलं. छकुलीने पुन्हा पहिलं पान उघडलं.

मी आत गेलो नाही.