गुणाबाई सहीला आल्या नाहीत

"माज्या आयेला पळवली!"

पनवेल एसटी स्टँडसमोरच्या ऑफिसात शिरतानाच दयाराम घरत ओरडला. खासगी गुप्तहेर धर्मराज भोपींनी खुर्ची पुढे केली. तो बसलाच नाही. बोलत येरझारा घालत राहिला.

वडील गेल्या वर्षी, २०११ साली वारले होते. कोन गावची जमीन एक्स्प्रेसवेजवळ; घ्यायला बिल्डर टपलेला. आज आई गुणाबाई आणि तळोज्याला दिलेली बहीण कोमल एकाच हक्कसोडपत्रावर सह्या करणार होत्या. मग सगळी जमीन एकट्या दयारामची. आणि सकाळीच आई गायब.

"कोमलच्या नवऱ्याचं काम हाय. प्रणितला हिस्सा पायजे ना!"

"नातेवाइकांकडे पाहिलंत?"

"मामांकडं, मावशीकडं, कोमलच्या घरी. कुटं नाय."

धर्मराज आणि त्यांचा सहकारी उदयसिंह लगेच कोनला निघाले.

दारात बायकी चपलांचा एक जोड होता. "आयेच्या," दयाराम म्हणाला. "त्या दिसल्या म्हनून मला वाटलं, आत हाय. अनवानी उचलून नेली तिला!"

गुणाबाईंच्या खोलीत धर्मराजांनी कोनाडा पाहिला, उशी उचलून पाहिली. "चष्मा कुठे असतो त्यांचा? आणि औषधं?"

"चष्मा उशीजवळ. प्रेशरच्या गोळ्या कोनाड्यात." दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

ओट्यावर कोमल रडत होती. "मी सही करायलाच आलेली. मला काय नको. दादा बोलता राहिला म्हणजे झालं."

"आणि प्रणित?"

"ते म्हणतात, हिस्सा माग. पण पहाटेपासून कंपनीत आहेत." उदयसिंहने फोन लावला. प्रणित मशीनवरच होता.

परसात दयारामची बायको रंभा दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. नवऱ्याच्या भल्यामोठ्या चपला तिच्या पायात फटफट वाजत होत्या.

"सासूबाईंची काळजी वाटत असेल," धर्मराज म्हणाले.

"वाटते तर. पन जेवली असंल आता. भूक सोसत नाय तिला."

"तुमचं माहेर?"

"शिरढोन. भाऊ रिक्षा चालवतो. तो पन शोदतोय."

उदयसिंह कुजबुजला, "सर, प्रणितनं माणसं पाठवली असणार."

"पळवणारा माणूस चष्मा आणि गोळ्या शोधत बसेल?" धर्मराज म्हणाले आणि सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"गुणाबाईंना कुणी नेलं नाही. त्या तयारी करून गेल्या. चपला मुद्दाम ठेवल्या, म्हणजे दयाराम बराच वेळ हाक मारणार नाही. पण सत्तरीची बाई खडीवरून अनवाणी जाणार नाही. कुणाच्या तरी चपला घातल्या असणार. घरात दुसरी बाई एकच, आणि ती आज नवऱ्याच्या चपलांत वावरतेय."

रंभाने पाय मागे घेतले.

"घरधनी म्हणतो आईला उचलून नेली, आणि सून म्हणते जेवली असंल. ज्याला ठावठिकाणा माहीत असतो, तोच असं बोलतो. दयारामनं सगळी नाती धुंडाळली, फक्त बायकोचं माहेर सोडून. सासू विहिणीकडे लपेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. न्यायला रिक्षा होतीच. वहिनी, भावाला फोन करा."

रंभाने फोन लावला.

"माज्या घरात राहून माज्याच मुळावर उठलीस?" दयाराम तिच्या अंगावर धावला. उदयसिंह मधे पडला.

रिक्षा येईपर्यंत दयाराम ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर करत राहिला.

गुणाबाई उतरल्या त्या बोलतच. "तिला काय बोलू नको. मीच तिचे पाय धरले."

"आये, सही करायची नव्हती तर सांगायचं!"

"तुज्या तोंडावर नाय म्हनाया जीभ रेटंना. म्हनून पलाली. आता म्हनते. सही करनार नाय. कोमल पन याच घरातली हाय."

"आये, नको," कोमल कळवळली. "माहेर तुटेल माझं."

"माहेर म्हंजे काय, जमीन? मी हाय तुजं माहेर. आन मी गेल्यावर तुज्याजवळ काय र्‍हानार?"

कोमलने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "दादा, मला माझा हिस्सा हवा."

दयारामचा फोन वाजला. बिल्डरचा माणूस सहीसाठी खोळंबला होता. दयारामने आईकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग फोन कानाला लावला.

"आज नाय होनार," अखेर तो म्हणाला. "आन यापुढं मला एकट्याला इचारू नका. जमीन तिघांची हाय."