त्याच्याआधी काय?

हे खरं घडलंय. विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. माझ्या मामेबहिणीच्या, अनिताच्या घरात घडलंय, म्हणून छातीठोक सांगतो.

वरवंड, तालुका दौंड. गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. दिवेलागणीची वेळ.

अनिता विश्वजीतची दुसरी बायको. तो इंग्रजीचा मास्तर. पहिली, समृद्धी, तापानं गेली. त्या दोघांचा म्हणे एक खेळ असायचा. त्यानं इंग्रजी शब्द टाकायचा, तिनं त्याचं मूळ शोधत मागं मागं जायचं. इंग्रजीच्या आधी तो कुठल्या भाषेत होता, त्याच्याआधी कुठल्या...

अनिताशी तो हा खेळ कधीच खेळला नाही.

तिचा नुसता जळफळाट व्हायचा. जित्या सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात. मेलेलीचं काय करायचं?

शेवटी ती मोबाईलवर शब्दांची मुळं गुपचूप शिकली.

त्या संध्याकाळी सासूबाई, सोजराबाई, शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. लग्नातच त्यांनी अनिताच्या गळ्यात समृद्धीच्या नावाचा चांदीचा टाक घातला होता. दुसरेपणावर आलेलीनं तो घालायचाच, अशी रीत. "थोरलीचा मान ठिव. कवाबी काढू नगंस," असं बजावलंही होतं.

अनितानं तो काढला. आज तिला दोघांत तिसरी नको होती.

"अहो, मला इचारा की एक शब्द!"

विश्वजीत हसला. "बरं. जेलस."

"फ्रेंचमधनं आला. त्याच्याआधी लॅटिन."

"आणि त्याच्याआधी?"

अनिता अडकली. पाठ केलेलं ऐन वेळी गेलं.



आणि स्वयंपाकघरातून...

"ग्रीक."

बाईचा आवाज. अनितानं तो कधीच ऐकलेला नव्हता.

ती आत धावली. कुणी नाही. मागच्या दाराला आतून कडी.

बाहेर आली तर विश्वजीतचा चेहरा उजळलेला. लग्नापासून तिनं तो असा पाहिलाच नव्हता. तो तिच्या खांद्यावरून मागं बघत होता.

"त्याच्याआधी?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं घाईघाईनं टाक गळ्यात घातला. उपयोग झाला नाही.

मागून उत्तर आलं... आणि तो खळखळून हसला.

त्या हसण्यानं अनिताला रडू फुटलं.

आता ती माहेरी, कवठे येमाईला आहे. सोजराबाई शिरूरला लेकीकडे. वरवंडच्या घरात विश्वजीत एकटाच.

परवा तिनं माझ्यासमोर त्याला फोन लावला. स्पीकरवर.

"अहो, न्यायला कवा येताय?"



"नंतर बोलू," तो म्हणाला. "आम्ही बसलोय."

मी फोन हिसकावून बंद केला.

अनिता माझ्यावरच चिडली. "राहू द्यायचा ना, दादा! ती काय सांगतीया, ते ऐकायचं व्हतं मला."