पहिले साठ फूट

हरवलेलं शोधून द्या, असं म्हणत लोक वहिनींकडे येत. ही मुलगी उलटीच आली. तिच्या पदरात काहीतरी जास्तीचं पडलं होतं आणि ते कुठून आलं, हे तिला कळत नव्हतं.

वहिनींनी विमा कंपनीतलं अपघात-तपासणीचं काम सोडून स्वतःचं शोधाचं ऑफिस थाटलं, तेव्हापासून त्यांचे दीर मदतीला होते. वहिनी त्यांना भावजी म्हणत, म्हणून आता पोस्टमनही भावजीच म्हणे. भावजींचं डोकं सावकाश चाले, पण एकदा चालायला लागलं की मागे वळत नसे.

मुलगी तिशीची, ठेंगणी, नखांच्या कडांत तेल मुरलेलं. इंजिनं ट्यून करून देण्याचं गॅरेज तिच्या वडिलांनी उभारलं होतं. एके काळी ते स्वतः शर्यतीत गाडी पळवत. अजूनही सगळे त्यांना वस्ताद म्हणत. पुढे एका डोळ्यानं दगा दिला, दुसराही मंदावला, आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची बंदी घातली. गॅरेज मुलीकडे आलं. गाडी पळवून बघायची वेळ आली की धाकटा भाऊ पळवायचा.

तिची हकिगत अशी होती. एका शर्यत-संघानं तिला अट घातली होती, की तुझ्या ट्यूनिंगनं गाडी खरंच वेगवान होते का, ते पट्टीवर मोजून दाखव. पटलं तर संघाच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे. पट्टी म्हणजे पाव मैलाचा सरळ रस्ता. उभ्या गाडीनं सुटायचं आणि टोक गाठायचं. गेल्या रविवारी सकाळी त्यांनी गाडी जुन्या सेटिंगवर पळवली आणि दुपारी तिच्या नव्या सेटिंगवर. दुपारी वेळ जवळजवळ अर्ध्या सेकंदानं घटली.

भावजींच्या मते अर्ध्या सेकंदात धड शिंकही येत नाही. तिनं समजावलं, की या धंद्यात तेवढ्यासाठी लोक अख्खं इंजिन बदलतात.

“मी केलेल्या बदलात एवढा दम नाही,” ती म्हणाली. “बाबा आणि भाऊ म्हणतात, ताट वाढून समोर आलंय, मुकाट्यानं जेव. पण घास घशाखाली उतरत नाही. उद्या संघाच्या दुसऱ्या गाडीवर हेच सेटिंग घातलं आणि काहीच झालं नाही, तर?”

वहिनींनी एकेक गोष्ट विचारून घेतली. टायर तेच, त्यातली हवा तेवढीच, इंधन एकाच डब्यातलं. सगळं तिनं स्वतः पाहिलं होतं. गाडी सुटत होती तेव्हा ती वर, वेळ मोजण्याच्या खोलीत होती. गाडी सुटायच्या जागेमागे त्यांची व्हॅन उभी होती आणि दुपारच्या वेळी वस्ताद तिच्यात झोपले होते. भाऊ व्हॅनच्या आडोशालाच हेल्मेट चढवून तयार झाला होता. दौड संपल्यावर गाडी तिथेच परत आली.

“मग गाडी परत न्यायला ट्रेलरवर कोणी चढवली?”

“मीच. भाऊ सामान आवरत होता. बसले आणि सरळ चढवली.”

यंत्रानं छापलेल्या दोन्ही चिठ्ठ्या तिच्याजवळ होत्या. वेळेतला जवळजवळ सगळा फायदा पहिल्या साठ फुटांतच झाला होता. टोकाला पोचतानाचा वेग मात्र सकाळी जेवढा, तेवढाच दुपारी. वहिनींचं बोट त्या वेगावर बराच वेळ थांबलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पट्टीवर गेले. वेळ मोजणारा माणूस काचेच्या खोलीत बसायचा. यंत्रावर संशय घ्यायला कोणीतरी आलंय, असं वाटून तो आधी फुरंगटला. मग त्यानं सांगितलं, की त्या रविवारी बाकीच्या गाड्या नेहमीसारख्याच पळाल्या. उलट दुपारी जरा मंदच. ऊन तापलं की हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोर उतरतो. वारा म्हणाल तर निशाणाचं फडकंही हलत नव्हतं.

“पहिल्या साठ फुटांत काय कळतं?” वहिनींनी विचारलं.

“तिथे इंजिनापेक्षा पाय बोलतो. क्लच दणकन सोडला तर चाकं जागच्या जागी फिरतात, बिचकत सोडला तर गाडी मरगळते. टोकाचा वेग मात्र पायाचं फारसं ऐकत नाही. तो इंजिनाचा जोर आणि गाडीचं वजन, या दोघांतला सौदा.”

गाडी कोण चालवतंय ते इथून दिसतं का, असं भावजींनी सहज विचारलं. हेल्मेट दिसतं, तो म्हणाला. पट्टी यंदाच बांधलेली, त्यामुळे तिच्या तक्रारीही त्यानं ऐकवल्या. शेवटच्या खांबाच्या अलीकडे एक उंचवटा राहून गेला होता. डोळ्यांना दिसत नाही, पण वेगात गेलं की पोटात गोळा येतो. चालवणारे त्याच्या नावानं शंख करत होते.

तिथून ते गॅरेजवर गेले. भाऊ नुकताच ती गाडी बाहेरून फिरवून आणत होता. ताडमाड, काटकुळा, गाडीतून उतरला तो घडीचा पलंग उघडावा तसा. वहिनी आत बसून बघू म्हणाल्या, तर त्यांचे पाय पेडलपर्यंत पोचेनात.

“याच्यानंतर बसलं की असंच,” मुलगी म्हणाली. “हा उतरला की मी सीट पुढे ओढते, आणि मग हा माझ्या नावानं ओरडतो. मी उंचीनं बाबांवर गेलेय, त्याला मी काय करू?”

सुरुवात एवढी सुधारली कशी, यावर भावानं खांदे उडवले. जमून गेलं, म्हणाला. गेल्या वर्षी सुटताना गाडी आडवी झाली होती, तेव्हापासून आपला पाय जरा बिचकतो, हे मात्र त्यानं कबूल केलं.

वस्ताद स्टुलावर बसले होते. ठेंगणे, पण रुंदीला दाराएवढे. त्या दुपारी गोळी घेऊन झोपलो ते गाडी परत आल्यावरच उठलो, असं त्यांनी सांगितलं. त्या नव्या पट्टीचं तोंडही धड पाहिलं नाही. पण गाड्यांचा विषय निघाला आणि म्हातारा खुलला. हल्लीच्या लोकांना रस्ता बांधता येत नाही, म्हणाले.

“शेवटच्या खांबाआधी गाडी अशी उचलली जाते,” त्यांनी तळहात अलगद वर नेला. “तिथे घाबरून पाय काढला की संपलं.”

भाऊ पाणी आणतो म्हणून आत गेला.

परतताना वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुम्ही माझी गाडी चालवायला घेता तेव्हा आधी काय करता?”

“देवाचं नाव घेतो.”

“त्यानंतर?”

“सीट मागे सर—” भावजी तिथेच थांबले.

दुसऱ्या सकाळी वहिनींनी तिघांनाही गॅरेजमध्ये बसवलं. आवाज न चढवता, एकेक धागा उलगडत त्या बोलत गेल्या.

“यंत्र खोटं बोललं नाही, बाकीच्या गाड्या नेहमीसारख्या पळाल्या. वारा नव्हता. टायर, इंधन बदललं नाही. इंजिनाचा जोर अर्ध्या सेकंदाएवढा वाढला असता, तर टोकाचा वेगही वाढला असता. तो वाढला नाही. फायदा सुरुवातीला झाला, म्हणजे बदलला तो पाय. आता, वर्षभर बिचकणारा पाय एका दुपारीत सुधारतो का? की तो पायच दुसऱ्याचा होता?”

त्या मुलीकडे वळल्या. “तुझ्या भावानंतर बसलं की तुला सीट पुढे ओढावी लागते. त्या रविवारी तू ‘बसले आणि सरळ चढवली’ म्हणालीस. तुझ्याआधी तुझ्याच उंचीचं कोणीतरी तिथे बसलं होतं. आणि वस्ताद, ज्या पट्टीचं तोंड तुम्ही पाहिलं नाही, तिचा उंचवटा तुमच्या हाताला कसा ठाऊक? तो बघून कळत नाही. गाडीत बसूनच कळतो.”

भाऊ म्हणाला, की चूक आपली. बाबांनी विनवलं होतं, एकदाच, शेवटचं. पोरीचं कामही होऊन जाईल.

“त्याला बोलू नका,” वस्ताद म्हणाले. “मीच हट्ट धरला. ती दिवसरात्र त्या इंजिनाशी झटत होती. म्हटलं, माझ्या पायात जे उरलंय ते तिला द्यावं.” त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं. “आणि खरं सांगू? मला स्वतःलाही हवं होतं.”

“पट्टीच्या कडेला माणसं उभी होती, वस्ताद,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला ती दिसली का?”

वस्तादांनी मान हलवली. नाही. मुलीनं तोंडावर हात धरला. एवढ्या वेळात भावजींना प्रथमच म्हाताऱ्याचा राग आला, आणि लगेच त्याची कीवही आली.

मुलगी म्हणाली, “म्हणजे माझं काम शून्य.”

“हे कोण म्हणालं? तुझे वडील तुझ्या भावापेक्षा किती जड?”

तिनं दोघांकडे बघितलं. “सिमेंटचं अर्धं पोतं तरी.”

“दुपारी ऊन होतं, इंजिनाचा जोर उतरलेला. वर अर्ध्या पोत्याचं ओझं. तरी टोकाचा वेग सकाळएवढाच राहिला. ते ओझं कोणी ओढलं?”

भावजींच्या आधी तिला उमगलं. तिचे डोळे भरून आले.

वहिनींनी उपाय सांगितला तो साधाच होता. एकच चालक, एकच दिवस, जुनं आणि नवं सेटिंग आलटून पालटून. पुढच्या रविवारी भावानं तशीच गाडी पळवली. दर वेळी नव्या सेटिंगवर टोकाचा वेग थोडासा, पण न चुकता, जास्त आला. घडलेलं सगळं न लपवता तिनं तोच आकडा संघाला कळवला. संघाचा व्यवस्थापक चिडला, आठवडाभर फोन उचलेना, आणि शेवटी त्यानं सगळ्या गाड्यांऐवजी एकच पाठवली.

त्या रविवारी वस्ताद आपण होऊन वर काचेच्या खोलीत बसले होते, भावजींच्या शेजारी. शेवटची दौड झाल्यावर मुलगी वर आली. तिचा राग अजून पुरता उतरलेला नव्हता.

“अर्धा सेकंद तुमचा होता, बाबा,” ती म्हणाली. “वेग तेवढा माझा.”

“माझा आता काय उपयोग?”

तिनं खाली बोट दाखवलं. भाऊ गाडीपाशी एकटाच उभा होता, हेल्मेट काखेत घेऊन. “त्याचा पाय बिचकतो. मला ते शिकवता येत नाही.”

वस्ताद उठले. जिना त्यांना नीट दिसत नव्हता. भावजींनी हात पुढे केला. म्हाताऱ्यानं तो आधी झटकला, मग घट्ट धरला, आणि दोघं एकेक पायरी चाचपत खाली उतरू लागले.