लेस्लीची पाचवी रेकॉर्ड

"बिल्टी?"

मी पार्सल ऑफिसच्या खिडकीतून मालाची पावती आत सरकवली.

"मालात काय हाये?"

"तुमाले काय करायचं हाये?"

एरवी मी इतकी तुसडी नाही. म्हणजे... आहे, पण अनोळखी माणसाशी पहिल्याच वाक्याला नाही. त्या दिवशी डिसेंबरात नको तेव्हा पाऊस आला होता. नांदुरा स्टेशनच्या फलाटावर रुईच्या गाठींवर ताडपत्र्या ओढायची धावपळ चालली होती, भिजल्या कापसाचा वास सगळीकडे भरला होता, आणि माझी छत्री शाळेच्या कपाटात कोरडी ठणठणीत उभी होती. मी पदर पिळत उभी, आणि आतला नवा पार्सलबाबू माझी बिल्टी सावकाश, चवीचवीनं वाचत बसलेला!

"मले काई नाई करायचं," तो शांतपणे म्हणाला. "पन खोकं फुटलं हाये तुमचं. फुटलं पार्सल उघडून, पाहून, मंगच देता येते."

त्याने सुतळी कापली नाही. एकेक गाठ नखाने सोडवली. आतला जुना टॉवेल उलगडला आणि त्याचा हात थांबला. काळी तबकडी, तिच्यावर निळ्या शाईने लिहिलेलं — भुसावळ, नंबर त्र्याहत्तर.

"लेस्ली..." तो म्हणाला, अगदी हळू. मग माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिला.

माझा राग कुठल्या कुठे गेला. ते नाव नांदुऱ्यात कुणाच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं.

लेस्ली फर्नांड तुम्हालाही माहीत नसेल. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका इंजिन ड्रायव्हरचा तो मुलगा. गिटार घेऊन रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलांमधून रॉक अँड रोल गायचा. शब्द कळोत न कळोत, फायरमनपासून गार्डापर्यंत सगळे बाकांवर उभे राहायचे म्हणे. स्टुडिओत तो कधी गेला नाही. पाच गावच्या पाच कार्यक्रमांच्या तेवढ्या रेकॉर्डी निघाल्या — भुसावळ, नागपूर, इटारसी, बडनेरा आणि इगतपुरी. प्रत्येकीच्या दोनशेच प्रती, हाताने नंबर घातलेल्या, हॉलच्या दारात विकलेल्या. सदुसष्टच्या पावसाळ्यात लेस्ली मोटरसायकलवरून पडून गेला, आणि त्या तबकड्या ज्याच्या त्याच्या घरी राहिल्या.

माझा मोठा भाऊ हिंमत भुसावळला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होता आणि लेस्लीसाठी खुळा होता. शेवटच्या दिवाळीला घरी आला तेव्हा ओवाळणी टाकताना मला म्हणाला, "वच्छे, लेस्लीच्या एका रेकॉर्डीवर मी बी हाओ."

"तू गायला?"

"गातो कायले! वरडलो. पुढच्या खेपी आनतो. कोनती ते सांगत नाई, तूच वळख."

पुढची खेप आली नाही. माघात त्याला कावीळ झाली. घरी आली ती त्याची ट्रंक. तिच्यात रेकॉर्ड प्लेअर आणि नागपूर, इटारसी अशा दोन रेकॉर्डी. दोन्हींवर तो नव्हता.

त्याला चार वर्षं होत आली होती. लोक गाणी ऐकतात. मी टाळ्या ऐकायचे. शाळा सुटली, घरी आले, आईची दिवाबत्ती झाली की प्लेअर लावायचे आणि गाणं संपायची वाट पाहायचे. मग त्या तीनचारशे लोकांच्या शिट्ट्या, ओरडणं, हसणं... त्यात एक आवाज शोधायचा. सुई उचलली की घरात पुन्हा आम्ही दोघीच. आई वाती वळायची, मी वह्या तपासायचे. माझ्या वयाच्या साऱ्याजणींच्या कडेवर पोरं होती आणि मला विचारायला कुणी येईनासं झालं होतं. त्याचं इतकं वाईट वाटत नव्हतं. दिवसभरात कुणी नुसतं "काय करून राह्यली?" असं विचारत नाही, त्याचं वाटायचं.

भुसावळची रेकॉर्ड हिंमतच्या शेडमधल्या शंकररावांनी चार वर्षं खटपट करून मिळवली होती. माझी खात्री होती, भाऊ याच्यावरच असणार. भुसावळलाच तर होता तो!

"माह्याजवळ बडनेरा हाये अन् इगतपुरी," पार्सलबाबू म्हणाला. "ही नाई. ऐकाले भेटन काय?"

"घरी आई असते माही."

"मंग आईलेच विचारतो ना!"

आणि खरंच रविवारी दुपारी तो दारात उभा. केसांना तेल, स्वेटरच्या गुंड्या एक घर चुकवून लावलेल्या. "मावशी, मी शेषराव. पार्सल ऑफिसातला."

मी आतून हसू दाबलं. शेषराव! मला वाटायचं या नावाची माणसं साठीचीच जन्माला येतात. हा सत्ताविशीचा होता.

आई म्हणाली, "ये बाबू, बस. पोरीचे ते इंग्रजी भजनं आयकाले आला का?"

भुसावळच्या रेकॉर्डीवर हिंमत नव्हता. दोन्ही बाजू संपल्या. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि रांजणाशी बराच वेळ उभी राहिले. बाहेर आले तर शेषराव माझ्याकडे बघत होता.  "पुढच्या रविवारी बडनेरा आनू?" एवढंच म्हणाला.

मग ठरूनच गेलं. एका रविवारी एकच रेकॉर्ड. सुई झिजते, असं तो म्हणाला. मीही लगेच मान डोलावली, सुईची मला भारी काळजी! बडनेरा झाली. माझ्याकडची नागपूर झाली, इटारसी झाली. तो बडनेऱ्याचाच, आईबाप लहानपणीच गेलेले, काकांकडे वाढलेला. नोकरी लागली ती इगतपुरीला. तिथे चार वर्षं काढून गेल्या फेब्रुवारीत नांदुऱ्याला आलेला. का, ते सांगत नव्हता.

"नांदुऱ्यात काय ठेवलं हाये?" मी एकदा विचारलं.

"पायतो ना काय ठेवलं हाये ते," तो म्हणाला आणि बशीतला चहा फुंकत राहिला. माझे कान उगाचच तापले.

त्याचं लक्ष मात्र फार. इटारसीच्या रविवारी म्हणाला, "एक विचारू? गानं सुरू झालं की तुमी पानी प्याले उठता, अन् टाळ्या पडल्या की पयत येता. असं कोन आयकते हो?"

"अन् तुमी शेवटच्या गान्याले प्लेअरात डोकं घालता, ते?"

 त्याचं काहीतरी होतं, माझं काहीतरी होतं, आणि दोघांनाही सांगायचं नव्हतं.

ते शेवटचं गाणं प्रत्येक कार्यक्रमात एकच असायचं. लेस्ली गाडीसारखा एकेक स्टेशन घेत जायचा, आणि हॉलमधल्या लोकांनी आपापल्या गावाचं नाव ओरडायचं. जे नाव त्याच्या कानावर पडेल तिथे तो गाडी थांबवायचा — गिटारवर ब्रेक, शिट्टी, सगळं — आणि त्या गावासाठी एक ओळ गायचा. मोठ्या गाड्या ज्यांच्या गावी थांबत नसत, ती माणसं जरा जास्तच ओरडायची.

आता एकच रेकॉर्ड राहिली. इगतपुरी.

त्या रविवारी शेषराव हात हलवत आला. "इसरलो," म्हणाला. रेकॉर्ड ऐकायला येणारा माणूस रेकॉर्ड विसरतो! मी रागावायला हवं होतं. मी पोहे केले. पुढच्या रविवारी त्याने ती आणली, तर मीच म्हटलं, "आज डोकं दुखून राह्यलं माहं." तो इतक्या चटकन "राहू द्या, राहू द्या" म्हणाला, की आईने वात वळता वळता आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं.

त्या रात्री मला माझीच लाज वाटली. चार वर्षं ज्या आवाजासाठी जीव टाकला, तो कदाचित हाताच्या अंतरावर होता, आणि मी डोकेदुखीचं ढोंग करत होते. पण पाचवी संपली की रविवार संपणार. आणि तिच्यावरही हिंमत नसला तर? मग तर काहीच उरत नव्हतं — ना भाऊ, ना रविवार.

त्याच्या पुढच्या रविवारी तो आला तेव्हा हातात रेकॉर्ड होती आणि चेहरा उतरलेला.

"बडनेऱ्याची बदली आली," दारातच म्हणाला. "मीच अर्ज देल्ला होता, दसऱ्याच्या टायमाले. जायचं नसन तं उद्यापावतो लिहून द्या लागते."

मी पुढे होऊन प्लेअरचं झाकण उघडलं. एवढं एक काम करता येत होतं.

"लावाच्या आंधी सांगतो," तो म्हणाला. "हासू नका. इगतपुरीले लेस्ली आला तवा माही ड्युटी होती, मी नाई जाऊ शकलो. मागून रेकॉर्ड घेतली. तिथं चार चार महिने पानी थांबत नाई. क्वार्टरात एकटा. कोनाशी बोलाचं? मी आपलं शेवटचं गानं लावायचो. त्याच्यात एक मानूस हाये... असा वरडते, असा वरडते, का सारा हॉल हासते. लेस्ली बी हासते. मले वाटे, हा आपला दोस्त असता तं! त्यानं गावाचं नाव घेतलं हाये. म्हनून बदली मांगताना मी तेच गाव मांगलं."

"मंग?" मी विचारलं.

"आठ महिने पाह्यलं. चहाच्या टपरीवर, बाजारात, जो जोरानं हासन त्याच्याकडे पायतो. नाई भेटला. म्हनून मंग दसऱ्याले अर्ज देल्ला... तवा तुमचं पार्सल नव्हतं आलं."

त्याने सुई थेट शेवटच्या गाण्यावर ठेवली.

खरखर. गिटार. लेस्ली निघाला. लोक ओरडू लागले — मनमाड! कसारा! लासलगाव! गाडी थांबत होती, सुटत होती. आता टाळ्या पडणार, गाणं संपणार... आणि त्या गलक्याच्या वर, अगदी माइकजवळून, एक आवाज फुटला —

"नांदुरा! ओ लेस्लीभाऊ, नांदुऱ्याले बी थांबव बे!"

सगळा हॉल हसला. लेस्ली हसला. गिटारचा ब्रेक लागला, शिट्टी झाली, आणि त्याने त्याच्या वाकड्या उच्चारात म्हटलं, "नां-डू-रा..."

आईच्या हातातली वात तशीच राहिली. "हिंमत," ती म्हणाली. हाक मारतात तशी नाही. समोर आलेल्या माणसाचं नाव घेतात तशी.

मी रडत होते. तोंड झाकायचंही सुचलं नाही. फुकटच्या पासावर एवढ्या लांब इगतपुरीला जाऊन हा माणूस आमच्या गावाचं नाव ओरडून आला होता, आणि मी त्याला भुसावळात शोधत होते!

शेषराव भिंतीवरच्या फोटोकडे पाहत होता. हार घातलेला फोटो. पहिल्या रविवारी त्याने त्याला नमस्कारही केला होता. तो उठून फोटोसमोर उभा राहिला.

"हेच?"

मी मान हलवली.

"इतके महिने मी यायले गावभर शोधलं," तो म्हणाला, आणि त्याचाही आवाज फुटला. "अन् दर रविवारी यायच्याच पुढं बसून चहा पेलो."

आई उठली आणि आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. शेषरावने रेकॉर्ड काढली, स्वेटरच्या बाहीने पुसली, पाकिटात घातली आणि माझ्यापुढे धरली. "ही तुमची. ज्याले भेटाले आलो, तो भेटला. आता..."

"आता काय?"

"आता मी काऊन थांबू?"

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला! "ज्याले भेटाले आले तो भेटला म्हनता... अन् मी? मी कोनीच नाई भेटली?"

तो गोंधळला. स्वेटरची गुंडी काढली, पुन्हा लावली, पुन्हा चुकीच्याच घरात. "तुमी... आता तुमाले काय सांगू! ते रेकॉर्ड इसरलो म्हटलं होतं ना, ते खोटं होतं. पिशवीत होती, बाहेर सायकलले लटकवली होती. हे संपलं का मले ह्या घरी येता नाई येनार, म्हनून..."

"माहं डोकं बी नव्हतं दुखत."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाहेर कुठलीतरी मोठी गाडी न थांबता धडधडत निघून गेली, खिडकीची तावदानं हलली. मी ती रेकॉर्ड पाकिटातून काढली, पुन्हा प्लेअरवर ठेवली, आणि सुई त्याच जागी टेकवली. हिंमत पुन्हा ओरडला. सगळा हॉल पुन्हा हसला.

"आयकलं?" मी म्हटलं. "माहा मोठा भाऊ हाये. त्याचं आयका लागते."

शेषराव हसला. मग खिशातून बदलीचा कागद काढून गुडघ्यावर ठेवला. "पेन हाये?"

माझ्याकडे वह्या तपासायचा होता, तोच दिला.

"लाल हाये हो हा. सरकारी कागदावर लाल शाई चालत नाई."

"रेल्वेत नोकरी करता ना? लाल दिसला का थांबाचं असते."

आईने चहा आणला. ट्रेमध्ये चार कप होते. एक तिने फोटोपुढे ठेवला, एक शेषरावपुढे, आणि म्हणाली, "लिहिनं मंग करजा बाबू, चहा थंडा होऊन राह्यला."